तिसऱ्या हाकेपर्यंत

तीस वर्षं मी फेरीबोटीवर काढली आणि बायको हरवली तीही फेरीबोटीवरच. हे गावात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिथे मी न्यूयॉर्कचं वर्णन उंच इमारतींपासून सुरू करतो आणि पाण्यापाशी पोचलो की चहा मागवतो.

केरीच्या धक्क्यावरून तेरेखोलला जाणाऱ्या बोटीवर माझं काम गाड्यांची तिकिटं फाडण्याचं. पायी माणसाला आमच्याकडे फुकट. त्यामुळे हौसेने आलेले पर्यटक कधीकधी पलीकडे उतरतच नाहीत. कठड्याला टेकून फोटो काढत राहतात आणि त्याच बोटीने परत येतात. आम्ही कुणाला हटकत नाही. माझं पुढचं सगळं शहाणपण ह्या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

दुसरी गोष्ट हाकेची. थंडीत सकाळी नदीवर धुकं असं बसतं की समोरचा काठ पुसून जातो. मग पलीकडचा माणूस बोटीला हाक मारतो. माझ्या वेळच्या म्हाताऱ्या खलाशाने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला पण नाही. माणूस असेल तर त्याला घाई असते, तो तिसरी मारतोच.

"आणि तो माणूस नसलो तर?" मी विचारलं.

"तो दोन मारून गप रवता," म्हातारा म्हणाला आणि विडी पेटवायला आडोशाला गेला.

माझ्या बायकोचं माहेर मुळगावचं. तिथे हा नियम आमच्यापेक्षा कडक. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला चहाला बोलवायचं तरी तीन हाका लागतात, आणि मीही तिला तीन मारायला लावतो. शेजारच्यांना वाटतं आम्ही दोघेही ठार बहिरे.

तर अमेरिकेला निघण्याच्या दिवशी मी सामानाची बॅग काट्यावर इतक्या वेळा चढवली-उतरवली की उशीर झाला. मोपाचा विमानतळ आमच्या घरापासून इतका जवळ की उशीर व्हायला लाज वाटावी. वाटेत गावच्या वेशीवर, काजऱ्याच्या झाडाखाली, आमच्या राखणदाराची जागा आहे. तो खांद्यावर कांबळं टाकून, हातात दांडा घेऊन रात्रभर हद्द फिरतो असं आम्ही मानतो. लांब जाणाऱ्याने तिथे उतरायचं, विडी आणि पाव ठेवायचा आणि जातो तसा परत आण म्हणून गाऱ्हाणं घालायचं. बायकोने विडीचं बंडल पिशवीत वरच ठेवलं होतं. झाड आलं तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबू नको, चल.

"अहो," बायको म्हणाली.

"येताना घालूया गाऱ्हाणं. दोन बंडलं देऊ."

"गाऱ्हाणां जाताना घालतत. येताना कोण घालता?"

झाड मागे गेलं. बंडल आमच्याबरोबर अमेरिकेला गेलं. आता मी पेडण्याच्या बाजारात भाजी आणायला निघालो तरी त्या झाडापाशी स्कूटर थांबवतो, पण तेव्हा मी शहाणा होतो.

न्यूयॉर्कजवळ माझा पुतण्या राहतो. तो सकाळी कामावर जायचा आणि आम्ही शहर बघायला. आमचं बघणं म्हणजे बाहेरून बघणं. म्युझियमच्या पायऱ्या बघितल्या, नाटकाच्या थिएटरचे दरवाजे बघितले, एका शंभरमजली इमारतीच्या खाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं. डबा घरून. पाण्याची बाटली एक, छत्री एक, फोनही एकच, तो माझ्या खिशात. पुतण्याच्या पत्त्याचा कागदसुद्धा माझ्याच खिशात, कारण वाट मला कळते असं आमच्या घरात मीच ठरवलेलं होतं. बायकोकडे पिशवी. तिला इंग्रजी येत नाही. मला येतं असं तिला वाटत होतं.

पाचव्या दिवशी पुतण्याने सांगितलं, खाडीत एक मोठी फेरीबोट चालते, पलीकडच्या बेटावर नेते, वाटेत हातात मशाल घेतलेला तो प्रसिद्ध पुतळा दिसतो आणि सगळं फुकट. माझ्या अंगात एकदम फेरीखात्याचा माणूस जागा झाला. "उद्या तुका बोट दाखवतंय," मी बायकोला म्हटलं, जशी काही माझ्या मालकीची.

दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर पोचलो तर धुकं. भर दुपारी, उन्हाच्या वेळेला. बोट आमच्या तेरेखोलच्या बोटीसारख्या निदान वीस पोटात घेईल एवढी, पण तिचा पुढचा अर्धा भाग दिसतच नव्हता. आत लांबच लांब बाकं, माणसं तुरळक, कुणी कुणाशी बोलत नाही. दर थोड्या वेळाने भोंगा वाजायचा आणि धुक्यातून दुसरा कुठला तरी त्याला उत्तर द्यायचा. पुतळा कुठल्या बाजूला होता कोण जाणे. जनेलाच्या काचेला नाक लावून आम्ही पांढऱ्याकडे बघत राहिलो.

"पुतळो इलो?" बायकोने विचारलं.

"गेलो वाटता."

पलीकडच्या धक्क्याला बोट लागली. कर्ण्यातून काहीतरी सांगितलं गेलं आणि सगळे उठून चालू लागले.

"अहो, सगळे उतरतत."

"ते थंय रवणारे. आपणाक परत जावचा आसा. उतरलंव तर जागा जातली." येताना धुकं हटेल, पुतळा दिसेल, आणि खिडकीची जागा आपलीच असेल असा माझा हिशेब. "बोटीचा काम तू माका शिकवतलंस?"

ती म्हणाली, "मी वायच बाथरूमात जाऊन येतंय," आणि पिशवी घेऊन उतरणाऱ्यांच्या मागून गेली. तिची मरून शाल दारात दिसली आणि धुक्यात शिरली. मी तिच्या जागेवर रुमाल टाकला.

बोट रिकामी झाल्यावर कुठूनतरी ठक, ठक असा आवाज येऊ लागला. हातात लांब दांडा घेतलेला एक माणूस एकेक बाकाच्या पायावर तो आपटत येत होता. मागे कुणी राहिलंय का बघत असावा. इथे मी खरं सांगतो, मी लपलो. तिकिटवाल्याची नजर कुठे पोचत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? जिन्याच्या मागच्या कोपऱ्यात मी अंग चोरून उभा राहिलो. आवाज जवळ आला, लांब गेला. मी बाहेर आलो तेव्हा पायाखालची जमीन थरथरत होती आणि धक्का मागे सरकत होता.

नवीन एकही माणूस चढलेला नव्हता. बायकोही नाही. कर्ण्यातून बहुधा हेच सांगितलं होतं की ही बोट आता माणसं घेणार नाही.

एवढ्या मोठ्या बोटीत मी एकटा. शेकडो रिकामी बाकं आणि त्यातल्या एकावर माझा रुमाल. मी दाराकडे धावलो, बंद. दुसऱ्याकडे गेलो, त्याच्या पलीकडे नुसतं पांढरं. तिच्याकडे ना फोन, ना पत्ता, ना भाषा. सगळं माझ्या खिशात. मी खिसे चाचपत होतो आणि हाताला ते सगळं लागत होतं.

मग वास आला. विडीचा. सिगरेटचा नव्हे. तीस वर्षं खलाशांच्यात काढल्यावर तेवढा फरक मला कळतो. पुन्हा ठक, ठक. तो दांडेवाला बाकांच्या मधून चालत आला. उंच माणूस, खांद्यावर ओला जाड कोट आडवा टाकलेला. त्याच्या हातात विडीही नव्हती आणि सिगरेटही नव्हती. तो माझ्याकडे न बघता रुमालाकडे बघत राहिला.

"माय वाइफ," मी म्हटलं, आणि मागे हात केला. पुढचं इंग्रजी आलं नाही.

त्याने दांड्याने रुमाल उचलला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. मग दांडा पुढच्या दिशेला दाखवून तो चालू लागला, मी मागून. बोट अलीकडे, शहराच्या धक्क्याला लागल्यावर त्याने एक बाजूचं दार उघडलं. मी उतरून आभार मानायला वळलो तर दार बंद होतं आणि त्याच्या काचेतून नुसती बाकं दिसत होती.

पुढची बोट मिळेपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ती निघाल्यावर मी कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. बायको तिथेच बसली असेल, मी स्वतःला सांगत होतो, हलायची नाही, हट्टी आहे. आणि मध्यावर, भोंगा देत, समोरून दुसरी बोट आली. बेटावरून शहराकडे जाणारी. धुकं जरा पातळ झालं आणि तिच्या कठड्यापाशी मरून शाल दिसली.

तीच शाल. तशीच डोक्यावरून घेतलेली, तसाच एक खांदा वर. मला शोधायला ती निघाली होती. म्हणजे मी बेटावर पोचेन तेव्हा ती शहरात, मी शहरात येईन तेव्हा ती बेटावर.

"अगो," मी ओरडलो.

बाई हलली नाही. तिची नजर माझ्या बोटीवर होती, पण माझ्यावर नव्हती.

"अगो." दुसरी.

ती वळणार नाही हे मला माहीतच होतं. दुसऱ्या हाकेला ती घरातसुद्धा वळत नाही. तिसरी मारायची होती. मी तोंड उघडलं आणि आवाज बाहेर आलाच नाही. शाल पांढऱ्यात गेली, मग बोट गेली, मग भोंगा. आणि तेव्हा मला तो म्हातारा आठवला. दोन मारून गप राहिलेला कोण असतो, ते त्याने सांगितलं होतं. मी कठड्यावरचे माझे हात बघितले. शेजारच्या बाकावरच्या माणसाला उगाच विचारलं, किती वाजले. त्याने कानातलं यंत्र काढलं नाही, मान वर केली नाही.

बेटावरच्या धक्क्यावर मोठं दालन आहे. उतरलो तेव्हा ते जवळजवळ मोकळं होतं. ती इथे असणार नव्हतीच. मघाशी माझ्या डोळ्यांदेखत ती पलीकडे गेली होती. आता पोलिसांना गाठायचं, पुतण्याला फोन करायचा, हे सगळं कळत होतं. पण आधी, आपण जिवंत माणूस आहोत ना याची खात्री करावी तसा, मी दालनाच्या मध्ये उभा राहून घशातून एक हाक काढली.

"अगो."

"ओ," खांबाच्या मागून आवाज आला.

ती बाकावर बसली होती. पिशवी मांडीवर. पायाशी, खांबाच्या बुडाला, कागदाच्या रुमालावर डब्यातल्या पावाचा तुकडा आणि एक विडी. बंडल सोडलेलं.

मी तिच्याजवळ बसलो.

"खंय गेल्लात?" ती म्हणाली. "बोट गेली ती बघलंय मी."

"तू हंयच आसलंस? मघाशी बोटीत चढूक नाय?"

"एकटी कशी चढू? आणि तुमी परत येतलात तर हंयच येतलात." मग खांबाच्या बुडाकडे हनुवटीने दाखवून म्हणाली, "हंयचो कोण आसा तो माका ठावक नाय. म्हटलां, जो कोण आसशी त्याणां घे, आणि माझ्या माणसाक परत हाडून पावय. वेशीर दिल्लां आसतां तर हंय देवचा पडला नसता."

मी मान डोलावली. तीस वर्षांत तिच्यापुढे एवढा वेळ मान मी डोलावलेली नव्हती.

"पण तू पयल्याच हाकेक ओ दिलंस," मी म्हटलं. बोलायला दुसरं काही सुचेना.

"पयली खंय? तिसरी ती." तिने बोटांवर मोजलं. "दोन मघाशी मारल्यात. माका आयकू इल्यो. म्हटलां तिसरी मारतलात तर उठीन. बराच वेळ मारलीच नाय. माझो जीव गेलो." ती माझ्याकडे बघत होती. "त्यो दोन खंयसून मारल्यात?"

पाण्यावर धुक्यात आवाज लांब जातो, हे मला कुणी सांगायला नको. तेरेखोलच्या काठावरचं बोलणं केरीला ऐकू येतं. पण नदी ती नदी आणि खाडी ती खाडी, आणि मध्ये एवढी मोठी बोट भोंगा देत होती.

"त्या दारातसून," मी म्हटलं.

तिने दाराकडे बघितलं. दार तिच्या बाकासमोरच होतं, काचेचं, आणि ती इतका वेळ त्याच्याकडेच तोंड करून बसलेली होती. तिने बंडलातून आणखी एक विडी काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.

परतीच्या बोटीत धुकं हटलं. लोक एका बाजूला धावले, फोन वर झाले, म्हणजे पुतळा तिकडे असणार. बायको म्हणाली, "बघा तरी, त्याच्यासाठी एवढा केलात." मी तिच्या शालीचं टोक हाताला गुंडाळून बसलो होतो. समोरून दुसरी बोट येत होती, आणि मी त्या बाजूला बघायचं नाही असं ठरवलं होतं.