भिजवलेले हरभरे

आज बायकोने भिजवलेले हरभरे चाळणीत निथळत ठेवले. तो ओला, कच्चा वास आला आणि मी पुन्हा मिशिगनच्या जंगलातल्या त्या कॅम्पग्राउंडवर जाऊन पोचलो.

आमची रेवा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिची तांबडी घोडी दोन झाडांमध्ये ताणलेल्या दोराला बांधलेली. "बाबा, तिला फक्त तिचं गवत हं," असं बजावून रेवा पाणी आणायला गेली. मला हसू आलं. माझे आजोबा नागपुरात टांगा चालवायचे, आणि ही मला घोड्याचं खाणं शिकवणार! उसळीसाठी भिजवून आणलेले हरभरे मी पातेलंभर घोडीपुढे धरले. माझ्या मनगटावर गरम श्वास सोडत तिने पातेलं साफ केलं.

दुपारी घोडी सारखी पोटाकडे वळून बघायला लागली, मग आडवीच झाली. रेवा रडत रडत तिला उठवून चालवत होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी विचारलं, हिने काही वेगळं खाल्लंय का? रेवाने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, डिड यू फीड हर?"

"नाही गं."

संध्याकाळी घोडी गेली. मी बोललो असतो तर वाचली असती का, मला आजही माहीत नाही.

"मीच पाणी उशिरा दिलं," असं रेवा अजून म्हणते. मी दर वेळी सांगतो, "तुझी चूक नव्हती, बाळा." तेवढं खरं बोलत आलोय. त्यापुढचं वाक्य आज पहिल्यांदा तिला लिहून पाठवतोय.