गेटजवळची जागा

आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. त्यांची गाडी गेटजवळ झाडाखाली असते. ती जागा कोणाच्याच नावावर नाही, म्हणून ते गाडी हलवत नाहीत. बाजारात रिक्षाने जातात. अगदीच नाइलाज झाला, तर जागेवर लाल बादली ठेवून गाडी काढतात.

यंदा ते ज्वालामुखीच्या एका बेटावर जाऊन आले. झोपायची सोय असलेली व्हॅन घेऊन अख्खं बेट पालथं घालणार होते. आल्यापासून रोज गेटवर अडवतात. "पॉइंट काय आहे माहितीय? फ्रीडम! वाटेल तिथे जा, वाटेल तिथे राहा. तुम्ही लोक कर्नाळ्याच्या पुढे सरकत नाही."

काल त्यांच्या मिसेस भेटल्या. मी विचारलं, "वहिनी, ज्वालामुखी जवळून कसा दिसतो हो?"

"लांबून धूर दिसला. पहिल्याच दिवशी समुद्राकाठी गाडी सावलीत लागली. मग हे कसले हलवतायत! म्हणाले, अशी जागा परत मिळायची नाही."

"म्हणजे आठवडाभर तिथेच?"

"एकदा पाणी भरायला गाडी न्यावीच लागली. तेव्हा मी उभी राहिले जागेवर. तिथे बादली कुठली?"