पहिलं बाळंतपण हद्दीपलीकडं

शिरूर कासारजवळच्या एका गावातल्या तरुणाला सरकारी शाळेतली मास्तरकी नाकारल्याचा हुकूम वैशाखात आला. हुकूम उर्दूत होता. कारण एवढंच दिलं होतं की अर्जदार गैरमुलकी आहे. मुलकी म्हणजे निजामाच्या मुलखातला आणि गैरमुलकी म्हणजे बाहेरून आलेला. सरकारी नोकरी मुलकी माणसाला मिळे. बाहेरच्याला खास परवानगी लागे. या तरुणाचा बाप, आजा आणि पणजा त्याच गावात जन्मले होते. त्याच गावची जमीन ते कसत आले होते.

मी बीडला राहून एका मराठी साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. साप्ताहिक इंग्रजी हद्दीत छापलं जाई. खानेसुमारीचा, म्हणजे माणसं मोजण्याचा, अहवाल त्या हुकमाच्या आधीच्या हिवाळ्यात हाती आला होता. राज्याबाहेर जन्मलेली किती माणसं कोणत्या जिल्ह्यात राहतात, याचं एक कोष्टक त्यात होतं. आमच्या जिल्ह्यापुढचा आकडा डोळ्यात भरण्यासारखा होता आणि त्यातले बहुतेक शेजारच्या, इंग्रजी हद्दीतल्या नगर जिल्ह्यात जन्मलेले होते. संपादकांनी लिहिलं, ही माणसं कोण, कशासाठी आली, इथल्या लोकांच्या तोंडचं काय काढून घेतात, याचा शोध घ्या. त्यांचा तर्क असा होता की हे सगळे व्यापारी, ठेकेदार आणि दलाल असणार.

मी आधी बीडच्या आणि माजलगावच्या बाजारात चौकशी केली. बाहेरचे व्यापारी होते, पण त्यांची दुकानं एका गल्लीत संपत. आकडा त्यांनी भरत नव्हता. मग मी पश्चिमेकडं, हद्दीलगतच्या गावांत गेलो. तिथं शेतं एकमेकांना लागून आहेत. एक बांध ओलांडला की राज्य बदलतं. शिरूरजवळच्या त्या गावात पारावर बसलेल्यांना मी विचारलं, "बाहेरून येऊन राहिलेलं कुणी आहे का गावात?"

"हायेत की," एक म्हातारा म्हणाला. "आमच्या समद्यांच्या बायका."

पार हसला. मी म्हणालो, मी थट्टा करत नाही.

"मी तरी कुठं करतो? माझी पाथर्डीकडची. ह्याची शेवगावची. अन् ह्या बेण्याला तर कुणी दीनाच, ती जामखेडावरून आणली."

"तुझ्या सोयऱ्याला इचार बे, त्यानंच जमवून दिली," तो बेणं म्हटलेला माणूस म्हणाला.

"बायका सोडून?" मी विचारलं.

"मग थोरली लेकरं. पहिलं बाळंतपण माहेरात व्हतं ना, भाऊ. माझा थोरला तिकडचा, बाकीची समदी हितली."

त्या दुपारी मी आणखी घरं फिरलो. नंतर लगतची गावं फिरलो. उत्तर सगळीकडं तेच. मुलगी हद्दीपलीकडून सून म्हणून यायची, पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जायची, आणि सव्वा महिन्याचं मूल घेऊन परत यायची. पुढची बाळंतपणं सासरी. खानेसुमारीत मोजणीदार जन्म कुठला एवढं विचारी. सून बाहेरची. तिचं थोरलं मूल बाहेरचं. त्याच्या पाठची भावंडं देशी. एका ताटात जेवणारे दोन भाऊ छापील अहवालात दोन वेगळ्या रकान्यांत बसले होते. अहवाल लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं मानायला मी तयार नाही. या मुलखात कोणत्याही घरात दहा मिनिटं बसलं तरी ते कळतं.

मास्तरकीचा अर्ज करणारा तरुण त्या म्हाताऱ्याचाच थोरला मुलगा. तो अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, नातेवाइकांकडं राहून शिकला होता. मराठी उत्तम, उर्दू कामापुरतं. गावात सरकारी शाळा मंजूर झाली होती, मास्तर नव्हता. त्याला ती जागा मिळाली तर तो बायकोसह गावात राहू शकणार होता. नाही मिळाली तर घराबाहेर पडणं भाग होतं, कारण जमीन दोन भावांना पुरेल एवढी नव्हती. एवढं सगळं मुलकीपणाच्या एका दाखल्यावर अडलं होतं.

त्या दाखल्याची चौकशी फाल्गुनात झाली. मी तिथं होतो. तहसिलीतून पेशकार, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचा अंमलदार, घोड्यावरून आला. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. पेशकार, गावचा पटवारी, म्हातारा आणि थोरला समोरासमोर बसले. धाकटा गोठ्याशी उभा होता. मुलाची आई पदर पुढं ओढून दाराच्या आड होती. अर्ज पटवाऱ्यानं लिहिला होता आणि जन्म याच गावचा असं त्यात घातलं होतं. त्याला रीत माहीत होती आणि कचेरीही माहीत होती.

पेशकारानं दखनी उर्दूत विचारलं, मुलगा कुठं जन्मला हे आईच्या तोंडून ऐकायचं आहे. पटवाऱ्यानं दाराकडं वळून मराठी केलं.

"वहिनी, साहेब इचारतायत, थोरला हितंच झाला न्हवं? ह्याच घरात?"

दाराआडून आवाज आला, "हितं कावून व्हईल?"

"तसं न्हाई. हितंच झाला म्हणा की."

"पटवारी भाऊजी, माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं म्हणून लिवता? माझा बाप काय मेलता का?"

म्हातारा खाकरला. "अगं, सरकारी काम हाय. तू नुसतं हो म्हण."

"तुमी म्हणा. माझ्या बापानं दोन बैलांची गाडी धाडलती मला न्यायला. पाळणा नवा केलता. बारशाला आख्खं गाव जेवलं. समद्या गावानं बघितलं हाय. आन् आज कागदावर लिवायचं का, त्याला लेकीचं एक बाळंतपण झेपलं न्हाई?"

"आये, गप की जरा," थोरला म्हणाला.

"तू गप. तुला काय म्हाईत? तू तवा पाळण्यात व्हतास."

धाकटा गोठ्याशी हसला. पटवारी हसला नाही. पेशकारानं विचारलं, बाईंचं माहेर कोणतं? बाईंनी गाव, वाडी, मारुतीच्या देवळापासून घर कुठं, सगळं सांगितलं. त्यात अभिमान होता, आणि तो असायला हरकत नव्हती. आपण मुलाच्या बाजूनं साक्ष देतो आहोत असंच त्यांना वाटत होतं. घराणं चांगलं, सोयरे चांगले, रीत पाळलेली. आणखी काय हवं? त्या भागात कोणत्याही बाईनं हेच उत्तर दिलं असतं. पहिलं बाळंतपण सासरी झालं असं चारचौघांत म्हणणं म्हणजे बापाच्या नावावर बोळा फिरवणं. पेशकारानं ते गाव उर्दूत लिहून घेतलं. उठताना तो म्हाताऱ्याला म्हणाला, "धाकट्याचा जन्म इथला आहे ना? मग त्याचा अर्ज करा."

धाकट्याला सही करता येत नव्हती.

हुकूम आल्यावर मी बीडला एका वकिलाला भेटलो. त्याचं मत असं पडलं की बाप मुलकी असेल तर मुलगा मुलकी, आईचं बाळंतपण कुठंही झालेलं असो. मी ते लिहून घेतलं आणि ज्या अधिकाऱ्याच्या सहीनं हुकूम निघाला त्याच्या कचेरीत गेलो. दोन वेळा भेट नाकारली गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

"अर्जात जन्मगाव विचारलं आहे," ते म्हणाले. "जन्मगाव इंग्रजी हद्दीत आहे. अर्जात खोटं लिहिलं होतं, हे चौकशीत निघालं. खटला भरला नाही हेच पुष्कळ समजा."

मी म्हणालो, त्याच्या बापाचा, आजाचा जन्म या राज्यातला आहे.

"खानेसुमारीचा अहवाल वाचलात ना? सरकारनंच छापला आहे. त्यात हे लोक बाहेरचे म्हणूनच मोजलेले आहेत. सरकार एका कागदावर त्यांना बाहेरचं म्हणेल आणि दुसऱ्यावर घरचं, असं कसं चालेल?"

म्हणजे आधी आकडा काढताना रीत विचारात घेतली नाही, आणि मग त्या आकड्याचाच पुरावा करून माणसाला त्याच्या गावात परका ठरवलं. मी विचारलं, या हिशेबानं हद्दीलगतच्या प्रत्येक घरातला थोरला मुलगा सरकारी नोकरीतून बाद होतो, हे कचेरीच्या लक्षात आलं आहे का? त्यांनी चपराशाला हाक मारली. हे अधिकारी स्वतः उत्तर हिंदुस्थानातून खास हुकमानं नेमून आलेले होते. त्यांच्या मुलकीपणाची चौकशी कधी कुणाच्या ओसरीवर झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मी मजकूर लिहून पाठवला. कोष्टक काय सांगतं, गावं काय सांगतात, सुना कोण, थोरली मुलं कोण, आणि एका मुलाची नोकरी कशी गेली, असं क्रमानं लिहिलं होतं. विशेषणं घातली नव्हती. छापून आला तो अर्धाच. गावांचा आणि बाळंतपणांचा भाग गाळला होता. त्यावर संपादकांचं पत्र आलं की तो घरगुती तपशील वाचकांना रुचणार नाही. कोष्टकातला आकडा मात्र ठळक टाइपात होता आणि वरचा मथळा माझा नव्हता: 'बीड जिल्ह्यात परक्यांचा सुळसुळाट'. पुढच्या महिन्यात हैदराबादच्या एका सभेत कुणी वक्त्यानं तोच आकडा सांगितला, आणि आमच्या साप्ताहिकाचा हवाला दिला. मी खुलासा पाठवला. तो छापला गेला नाही. पुन्हा पाठवला, तोही नाही.

थोरल्यानं वकिलाच्या मदतीनं अपील केलं. आषाढात मी पुन्हा त्या गावी गेलो. त्याची बायको पोटुशी होती, सातवा लागला होता. तिचं माहेरही हद्दीपलीकडचंच. तिचा भाऊ गाडी घेऊन न्यायला आला होता आणि ओसरीवर बसून होता. बैल सोडले नव्हते.

"घेऊन जा तुझी गाडी," सासू त्याला म्हणाली. "पोर हितंच बाळंत व्हईल."

"आमच्या आईला काय सांगू, आत्याबाई? लोक इचारतील, लेक आणली कावून न्हाई."

"सांग, सरकारनं मना केलंय."

"सरकार असं मना करतं व्हय?"

"माझ्या पोराला केलं न्हाई?" ती म्हणाली. नेहमीचा आवाज नव्हता. "मी बापाचं नाव राखाया गेले, आन् पोराची भाकर गेली. हिचं लेकरू तरी हितलं म्हणून लिवतील."

सून चुलीपुढं बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनं डोळ्यांना पदर लावला तो धुरामुळं की कशामुळं, हे मी विचारलं नाही. भाऊ संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत गेला.

भाद्रपदात सुनेची आईच बाळंतविडा घेऊन आली. हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकात नाक्यावर, तिला अडवलं. गाठोड्यात डिंक, खोबरं, सुंठ आणि बाळाची कुंची-टोपडी होती. नाकेदारानं तो बाहेरून येणारा माल ठरवला आणि त्यावर जकात घेतली. मी तिची पावती पाहिली आहे.

त्या गावच्या शाळेत त्याच महिन्यात दुसरा मास्तर रुजू झाला. तो औरंगाबादकडचा होता आणि त्याला मराठी शिकवण्याचा अनुभव नव्हता. थोरल्यानं शाळेची पाटी त्याला दाखवली आणि खोलीची किल्ली दिली, कारण पाच महिने ती त्याच्याच घरी ठेवलेली होती.

पौर्णिमेनंतर सून सासरी बाळंत झाली. मुलगी झाली. पटवाऱ्यानं जन्माची नोंद त्याच दिवशी केली, गाव तेच. अपिलाचा निकाल तोवर आलेला नव्हता.