हळूभाऊची सही

‘सरकार’ हा शब्द तोंडातून काढण्याआधी हळूभाऊ मागे वळून पाहायचा. मागे कोण असणार? आमच्या अंगणातला शेवगा, दोन कोंबड्या आणि दोरीवर वाळत घातलेली चादर. तरी तो पाहायचाच. मग खुर्ची पुढे ओढून, ओठ जेमतेम हलवत तो शब्द उच्चारायचा आणि परत एकदा मागे बघायचा. मला आधी वाटलं, पोराची मान आखडलीय. मी तिळाचं तेल कोमट करून दिलं. त्याने ते निमूटपणे लावलंसुद्धा.

त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. तो इरिट्रियाचा. तांबड्या समुद्राच्या काठावर असा एक देश आहे, हे तो आमच्या दारात उभा राहीपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आटगावच्या अलीकडे आमचं गाव, आणि हायवेला लागून असलेल्या कॉलेजात औषधं बनवण्याचं शिक्षण मिळतं. तिथली मुलं आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतात आणि माझ्या हातचं जेवतात. हा तिशीतला, उंच, किडकिडीत, सोबत एकच बॅग. दोन वर्षांच्या परवानगीवर शिकायला आला होता. पहिल्याच आठवड्यात मी घावन केले, तर ताटाकडे बघून त्याचे डोळे भरून आले. त्यांच्याकडे अशीच आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी असते म्हणे. त्या दिवशी त्याने अकरा घावन खाल्ले आणि मी बारावा वाढला.

‘हळूभाऊ’ हे नाव अण्णांमुळे पडलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक बातमीला एकेक शिवी घालायची, हा त्यांचा नेम. तलाठ्यापासून दिल्लीपर्यंत कोणी सुटायचं नाही. पहिल्या दिवशी हा आतून धावत आला, अंगणाचं फाटक लावून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, “हळू, अण्णा, हळू!” तेव्हा त्याला येणारा मराठी शब्द तो एवढाच, रिक्षावाल्याकडून शिकलेला.

“का रे? कोन ऐकतंय? ऐकू दे की! मी काय कोनाला भितो काय?” अण्णा आणखी चढले.

तो माझ्याकडे वळला आणि सिनेमांतून शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “ताई, समोरच्या घरातल्यांशी यांचं भांडण आहे का? त्यांनी जाऊन सांगितलं तर?” मी हसत सुटले. म्हटलं, समोरचा तर अण्णांपेक्षा मोठ्याने शिव्या घालतो, थांब, तो आंघोळीहून येऊ दे.

हळूहळू त्याची आणि अण्णांची गट्टी जमली. रविवारी तो कच्च्या कॉफीच्या बिया लोखंडी तव्यावर भाजायचा, खलबत्त्यात कुटायचा आणि तीन वेळा उकळून तीन कप पाजायचा. तिसऱ्या कपाआधी उठणं त्यांच्याकडे अपमानाचं. अण्णांना कॉफी कडू लागायची. ते तीन चमचे साखर घालून पीत आणि म्हणत, “तुमच्या देशात टाइम लय दिसतो रे लोकांना.”

“टाइमच आहे, अण्णा,” तो म्हणायचा. “माझा भाऊ पंचवीस वर्षं शिपाई आहे. नोकरी दीड वर्षाची, असं कायद्यात लिहिलंय.”

ते सगळं त्याने आम्हाला तुकड्यातुकड्याने सांगितलं. तिथे बारावीचं वर्ष म्हणजे लष्करी छावणी. शाळा संपली की सक्तीची देशसेवा, आणि सेवा कधी संपेल हे कोणी विचारायचं नाही. हासुद्धा सेवेतच होता, सरकारी औषधभांडारात. देश सोडायचा तर परवानगी, पळून जाताना सापडलात तर तुरुंग. हे सांगताना त्याच्या आवाजात राग नसायचा. आपण दूधवाल्याच्या खाड्यांबद्दल बोलतो तसं बोलायचा. मीच मधेमधे “अगं बाई!” करत राहायचे.

एका रविवारी अण्णांनी विचारलं, तुमचं भांडण तरी कोणाशी आहे? त्याने खडूने फरशीवर नकाशा काढला. काठाकाठाने लांबट पट्टी त्यांची, पाठीमागे मोठा शेजारी. आधी त्या शेजाऱ्याशी लढाई झाली. मग गळाभेट, फुलं, फोटो. मग दोघं मिळून शेजाऱ्याच्याच एका प्रांतावर तुटून पडले. आता तोच शेजारी म्हणतो, मला समुद्र पाहिजे. “भाऊ तिन्ही वेळा तिथेच होता. कोणाशी लढायचं ते बदलतं. तो बदलत नाही.”

अण्णांनी वाकून त्या मोठ्या शेजाऱ्यावर बोट टेकवलं. “म्हंजे त्याचं शेत आत पडलंय, रस्त्याला वाट नाय. मंग द्यायची वाट, वहिवाटीची. आमी नाय दिली?”

“वाट आम्ही देऊ हो, अण्णा. त्याला वाट नको, बांधच हवा. आणि देश चालवणाऱ्या आमच्या साहेबाला बांधावरचं भांडण बरं पडतं. पोरं काठी घेऊन बांधावर उभी असली की घरात कोण काय करतंय ते विचारायला कोणी उरत नाही.”

अण्णांनी मान डोलावली. बांधाच्या पायी शहापूरच्या कोर्टात त्यांनी चौदा वर्षं खेपा घातल्या होत्या, त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा हे लवकर समजलं.

त्याच साली आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी होती. बचत गटातल्या बायकांनी मला फॉर्म भरायला लावला. माझं माहेर टोकावड्याचं, तिकडे शेतं लांबलांब, त्यामुळे आम्ही बायका मुळातच मोठ्याने बोलतो. मला वाटलं, ग्रामपंचायतीत हा आवाज उपयोगी पडेल. पण माघारीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी चार मोठी माणसं घरी आली. गाव बिनविरोध करू, वहिनी, फूट नको. सरपंचांच्या घरची बाई आहे समोर, त्यांनी गावासाठी एवढं केलंय, बरं दिसत नाही. आणि अण्णा, दिल्लीला शिव्या घालणारे माझे अण्णा, चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “जाऊ दे गो. मान राख.” मी गप माघारीच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी गुलाल उधळला, बँजो वाजला आणि मलाही हार घातला. खरं सांगते, मला तेव्हा अभिमानच वाटला.

हळूभाऊ ओट्यावर उभा होता. मिरवणूक पुढे गेल्यावर त्याने विचारलं, “ताई, तुम्हाला कोणी मारलं?”

“काहीतरीच काय! मान राखला मी.”

“आमच्याकडेही आधी मानच राखला होता,” तो म्हणाला. “डोंगरात तीस वर्षं लढून, देश सोडवून आलेली माणसं. त्यांच्यासमोर निवडणुकीला उभं राहणं बरं दिसत नव्हतं. त्याला आता तीस वर्षं झाली. अजून बरं दिसत नाही.”

मला इतका राग आला! म्हटलं, आमच्या गावाची आणि तुझ्या त्या साहेबाची बरोबरी करतोस होय रे? दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, ताट नुसतं आदळायचे. तो आपला पानातलं सगळं संपवून, ताट घासून ठेवायचा. पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. भाकरी थापताना आठवायचं, बायका भेटल्या की आठवायचं. मी गप बसले होते, आणि गप बसल्याबद्दल हार घालून घेतला होता.

एव्हाना त्याची दोन वर्षं संपली होती. परत जायचं म्हणजे पुन्हा त्याच न संपणाऱ्या सेवेत. नाही जायचं तर पासपोर्ट संपत आलेला, आणि पासपोर्टाशिवाय इथल्या पोलिसांत नोंद होईना. नवा पासपोर्ट हवा तर त्यांच्या वकिलातीत एका कागदावर सही करायची. कागदात लिहिलेलं असतं की मी सेवा अर्धवट टाकून गुन्हा केला, त्याचा मला पश्चात्ताप होतो, द्याल ती शिक्षा मी भोगीन. मी म्हटलं, “कर ना सही, बाबा! एका सहीने काय होतंय?” तो म्हणाला, “मी गुन्हा केलेला नाही.” एवढंच. तो इतका मऊ माणूस, पण या एका गोष्टीवर तसूभर हलला नाही. त्याने दुसरी वाट धरली होती. दिल्लीत निर्वासितांसाठीच्या कचेरीत गुपचूप अर्ज टाकला होता आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात शिकाऊ म्हणून जाऊ लागला होता, इथून जीपने. अर्जाचं त्याने फक्त मला सांगितलं. आई त्यांच्या राजधानीत, अस्मारात, एकटी असते, तिच्यापर्यंत काही जाता कामा नये, हेही सांगितलं.

आणि मी काय केलं? मी निवेदन दिलं.

आपल्याकडे निवेदन देण्याची एक रीत आहे. कागदाचं एक टोक देणाऱ्याच्या हातात, दुसरं घेणाऱ्याच्या, आणि दोघंही कागदाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात. मुरबाडला महिला मेळाव्याला एक पुढारी यायचे होते. मी ठरवलं, या वेळी गप बसायचं नाही. घरी रात्रंदिवस डोक्यात तेच. बायका गोळा केल्या, कागद टाईप करून घेतला, ‘हुकूमशाहीने पीडित विद्यार्थ्यास न्याय मिळावा’, खाली त्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, गावाचं नाव. वर त्याचा दिवाळीतला हसरा फोटो. तो त्या वेळी दोन किलोमीटरवर कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होता. त्याला विचारावं, हे मला सुचलंच नाही. चांगल्या कामाला काय विचारायचं, असं आम्ही समजतो. संध्याकाळपर्यंत निवेदन देतानाचा फोटो, त्या कागदासकट, पन्नास ग्रुपांवर फिरला. कुठल्याशा चॅनेलने बातमी केली, कोणीतरी ती इंग्रजीत घातली. मी खूष. तो घरी आला तेव्हा मी मोबाइल त्याच्यापुढे नाचवला.

त्याने फोटो पाहिला. खाली बसला. निदान ओरडायचं तरी!

आठवडाभराने त्याच्या लग्न झालेल्या बहिणीचा निरोप आला. आईला ‘दोन प्रश्न विचारायला’ तिथल्या सरकारी कचेरीत बोलावलं होतं, ती परत आलेली नव्हती. सत्तरीची बाई, गुडघ्यांनी अधू. मी रडून गोंधळ घातला. म्हटलं, मी सगळीकडे लिहिते, की चूक माझी, याला काही माहीत नव्हतं. मी वकिलातीला पत्र लिहिते, अजून एक निवेदन देते...

“ताई,” तो म्हणाला, “तुमच्याकडे पेपरात फोटो आला की माणूस वाचतो. आमच्याकडे सापडतो.” आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, धाकट्या बहिणीच्या ठेवतात तसा. मी त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी.

दिल्लीतला अर्ज त्याने मागे घेतला. वकिलातीचा तो पश्चात्तापाचा कागद छापून आणला आणि आमच्या ओट्यावर बसून सही केली. शेजारी अण्णा होते. पेपर त्यांच्या मांडीवर तसाच घडी घातलेला. त्या दिवशी त्यांनी कोणालाही शिवी दिली नाही. सही झाल्यावर एवढंच म्हणाले, “मी हिला मान राखाय सांगितला व्हता. तवाच बोलली असती तर हे आता नसती बोलली.” अण्णांच्या तोंडून माफीसारखं काही निघालेलं मी ते एकदाच ऐकलं.

सहीनंतर नवव्या दिवशी त्याची आई घरी आली. चार महिन्यांनी पासपोर्ट आला. आखातात एका औषधाच्या गोदामात त्याला काम मिळालं. सही केलेला तो कागद त्यांच्या दप्तरात राहील, आणि हळूभाऊ कधी मायदेशी उतरला तर दारातच पुढे येईल. म्हणजे आई असेतोवर भेट नाही, हे त्याला आणि मलाही समजत होतं.

जायच्या दिवशी दुपारी बॅग भरून झाल्यावर त्याने आईला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन माझ्या हातात दिला. “तिला तुमच्याशी बोलायचंय.” पलीकडून एक बारीक, थकलेला आवाज बराच वेळ बोलत राहिला. त्याने सांगितलं, “म्हणते, माझ्या मुलाला इतकी वर्षं जेवू घातलंस, तुझे हात सलामत राहोत.”

मी म्हटलं, “त्यांना सांग, तो फोटो मी दिला. माझ्यामुळे त्यांना त्रास झाला. म्हणावं, मला पश्चात्ताप होतोय, मला माफ करा. सांग ना!”

त्याने फोन स्वतःकडे घेतला. मग फोनमध्ये त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलला. पलीकडे म्हातारी हसली.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “सांगितलंस ना?”

“ताई, तो फोन दुसरं कोणीतरी ऐकत असतं,” तो म्हणाला. “मी सांगितलं, यंदा इथे भात चांगलं झालंय.”