पहिली ओंजळ

पनवेलच्या मच्छी बाजारात मी ज्यांच्याकडून मासे घेते, त्या करंजा गावच्या कोळीण मावशी बोलत नाहीत, ओरडतात. हळू बोलतात त्या फक्त एका रोपाशी. माथेरानहून आणलेल्या अंजनीच्या फळांतलं एकच बी रुजलं, त्याचं हे रोप. डोंगरातल्या गारव्याचं झाड, इथल्या उन्हात करपतं. म्हणून त्यांनी कुंडी थर्माकोलच्या खोक्यात ठेवलीय. रोज बर्फाची पहिली ओंजळ कुंडीभोवती पडते, मग पापलेटांवर. माशाला लागलेला बर्फ तिथे चालत नाही, वासाने मांजरं माती उकरतात.

मे महिन्यात एकदा मी सुरमईवर घालायला नेहमीसारखा बर्फ मागितला.

"नाय. उरलाय तो माज्या पोरीचा हाय," त्या रोपाकडे बघत म्हणाल्या. "तू घरी जा नि लगेच तल."

मी चिडले, पण निमूट घरी जाऊन तळली. सुरमई झकास झाली.

दुसऱ्या दिवशी फ्रीजमधला बर्फ डबाभर नेला. मावशी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा हसल्या.

"कोलनीला बरफ आनलाय हिनं!"

मग कुंडीभोवती तो रचताना हलक्या आवाजात रोपाला म्हणाल्या, "बाय, मावशी आली बघ तुजी."