रखमाजीचा तास

टेंभुर्णीत रखमाजीला कुणी चहा पाजला, तर तो आधी कपाला नावं ठेवी, मग चहाला, मग पाजणाऱ्याला. एके काळी लोक हे ऐकून घेत, कारण बैलांच्या तिफणीनं त्याच्याइतकं सरळ पेरणारा पंचक्रोशीत नव्हता. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आला. पेरणीच्या दिवशी पोरगा बबलू "आबा, तुम्ही घरीच बसा" म्हणू लागला. अकरा वर्षं म्हाताऱ्याला वावरातलं कुणी काही विचारलं नाही. त्याला ते फार लागलं होतं. जीभ मात्र तेवढीच तिखट राहिली.

अशात गावच्या तलावावर गिरिधरराव शिडाची नाव घेऊन आले. जालन्याच्या मस्तगडात राहणारे हे निवृत्त इंजिनियर. दर रविवारी त्यांचा एकच पण असे: पलीकडच्या काठावरच्या मारुतीच्या पायऱ्या गाठायच्या. वारा नेमका मारुतीकडूनच यायचा आणि शिडाची नाव वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालत नाही, तेव्हा नागमोडी जाणं भाग होतं. साहेब नावेचं नाक होईल तेवढं वाऱ्यात खुपसत, छाती फुगवत आणि दर खेपेला अलीकडच्याच काठावरच्या बाभळीत जाऊन अडकत. मारुतीनं बहुधा आशा सोडली होती.

एका रविवारी रखमाजीला राहवलं नाही. बांधावरून तो ओरडला, "साहेब, तास पाहा, तास!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वीसच मिनिटं झालीत!" म्हणाले आणि बाभळीत घुसले.

रखमाजीनं कपाळावर हात मारला. "घड्याळातला न्हाई, वावरातला! तिफण मागं रेघ वढती ना, तो तास. तुमची नाव तोंड दाखवती मारुतीला अन् जाऊन राह्यली बाभळीकडं."

"तुम्ही कधी नावेत बसलात?" साहेब काटे काढत फणकारले.

"न्हाई. तुम्ही कधी तिफण धरली?"

झालं, साहेब इरेला पेटले आणि त्यांनी त्याला नावेत घेतलं. रखमाजीला पोहता येत नव्हतं. पण आज हसं झालं तर उरलीसुरली पतही बुडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लाइफ जॅकेट चढवून तो नावेच्या नाकाकडे पाठ करून बसला. बांधावर खिदळणाऱ्यांत बबलूही होता.

पाण्यावर नावेची रेघ उमटत होती, पण सरळ मागे नाही. तिरकी, वाऱ्याच्या अंगाला. उतारावरची तिफणही अशीच खाली घसरते, तोंड वर करून.

"नाक लई वर, वाऱ्यात धरलं साहेब. त्यानं चाल मेली, म्हणून घसरून राह्यली. जरा खाली सोडा... अजून... बस, बराबर!"

"अहो, पण मारुती लांब राहिला!"

"राहू द्या. तो कुठं पळून न्हाई चालला."

शीड भरलं, नावेला जोर आला. रेघ हळूहळू वळून बरोबर पाठीमागे आली. चार वळणांत नाव पायऱ्यांना टेकली. साहेबांनी मारुतीला हात जोडले आणि जरा घुटमळून रखमाजीलाही.

"नारळ त्याला फोडा," रखमाजी म्हणाला. "मला चहा पाजा. पन कप धुऊन आना."

परतले तेव्हा बबलू पाण्याच्या कडेला उभा होता. आता हसत नव्हता.

"आबा, उद्या हरभरा पेरायचाय. उतारावर ट्रॅक्टर घसरून राह्यला. तास पाहायला येता का?"

अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न. रखमाजीचे डोळे भरून आले, पण जीभ सवयीनं सुटलीच.

"येतो. पन ट्रॅक्टरवर उलटा बसीन, आधीच सांगून राह्यलो."