राणीचा कट्टा

आमच्या गावी सुट्टीला येणारा प्रत्येक पाहुणा किल्ला बघतो, सोलकढी पितो आणि सूर्यास्ताला राणीच्या कट्ट्यावर जातो. काल तिथे मच्छीमारवाडीतली म्हातारी पारू अबोलीची फुलं ठेवत होती. "आजी, जरा बाजूला व्हा ना, कट्टा फोटोत येत नाहीये," एक तरुण म्हणाला. ती निमूट सरकली. मग मला बघून म्हणाली, "मास्तरानू, तुमच्या राणीक इचारा, माझो घोव खंय दिसलो काय तिका?"

त्या कट्ट्यावर कधीच कुठली राणी बसली नव्हती. गावाची माहितीपुस्तिका लिहिताना ती राणी मी रचली. वादळातून परत न आलेल्या होड्यांची वाट बघत वाडीतल्या बायका तिथे दिवसचे दिवस बसल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. पण सुट्टीवर आलेल्या माणसाला रडणं कशाला दाखवायचं, असं वाटलं. समुद्राने त्यांची माणसं नेली, आणि त्यांची जागा मी नेली.

त्या तरुणाला मी खरं सांगितलं. "राणीच बरी होती, आजोबा," तो हसून म्हणाला.

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी पारूला तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. तिच्या पिढीच्या बायका ते तोंडाने घेत नाहीत. तिने पदर सारखा केला आणि समुद्राकडे बघत हळूच म्हणाली, "भिकाजी."